वन्सं, ते दार मी लावलं होतं

वन्सं, तुम्हाला जाऊन आज एकवीस दिवस झाले, आणि अजून रविवारी सकाळी नऊ वाजले की माझा हात फोनकडे जातो. गेली कित्येक वर्षं रविवारचे नऊ म्हणजे तुमचा फोन. "शालन, काय चाललंय? डाळिंब तोडून झालं का? बरं, ऐक आता," असं म्हणून तुम्ही तुमचा नवा लेख वाचायला लागायचात आणि इकडे माझ्या भाजीतलं पाणी आटून जायचं. लेख लिहिलेला इंग्रजीत, वाचताना तोंडानं मराठी करत जायचं, अशी तुमची पद्धत. मी "हं" म्हटलं की पुढे जायचात. मी गप्प राहिले की तिथंच थांबायचात आणि म्हणायचात, "कळलं न्हाय ना? म्हंजी मलाच नीट कळलं न्हाय." दुसऱ्या रविवारी तो परिच्छेद बदललेला असायचा. गेल्या आठवड्यात बारामतीच्या शोकसभेत मी हे सांगितलं. मला वाटलं होतं लोक हसतील. कुणी हसलं नाही. पुढच्या रांगेतल्या एका पांढऱ्या केसांच्या प्राध्यापकांनी तर चष्मा काढून पुसला.

केवढी माणसं आली होती हो तुमच्यासाठी! दिल्लीहून आली, बंगलोरहून आली. त्यांच्यासाठी तुम्ही म्हणजे आंतरराष्ट्रीय संबंधांच्या प्राध्यापक, एका नदीवरच्या दोन-तीन देशांनी पाणी कसं वाटून घ्यावं या विषयातलं मोठं नाव. माझ्यासाठी तुम्ही म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण, जिनं "माझ्यासाठी थांबू नका, धाकट्याचं उरका, मला पीएच.डी. करायचीय" असं बापाला सांगून टाकलं आणि माझी या घरातली वाट मोकळी केली. भाकरी तुम्हाला शेवटपर्यंत थापता आली नाही. तुमच्या भाकरीला जगातल्या कुठल्याच देशाचा आकार नव्हता, हे मी तुम्हाला तोंडावर सांगितलंय, म्हणून आत्ताही सांगते.

सभेत तुमचा एक विद्यार्थी बोलला. आता तो परराष्ट्र खात्यात मोठा अधिकारी आहे. तो म्हणाला, बाईंनी पहिल्याच तासाला भिंतीवरचा नकाशा काढून उलटा टांगला. ज्या देशात नदी समुद्राला मिळते तो देश वर आणि जिथं उगम होतो तो खाली. वर्षभर नकाशा तसाच ठेवला. "अजूनही वाटाघाटीला बसायच्या आधी मी नकाशा एकदा उलटा करून बघतो," असं तो म्हणाला तेव्हा माझी छाती अशी भरून आली की ह्यांनी माझ्याकडे वळून बघितलं. तुमच्या भावालाही भरून आलं होतं, पण ते त्यांनी खोकून घालवलं.

आणि मग त्या सभेत मी खोटं बोलले, वन्सं. पुन्हा एकदा. त्यासाठीच हे लिहायला बसलेय.

झालं असं, की तुमच्या तिघा शिष्यांनी पाठोपाठ तुमच्या वडिलांची, आबांची गोष्ट सांगितली. सांगणारच. ती गोष्ट तुम्ही साऱ्या जगाला सांगितली होती. आपला कालव्याचा फाटा, त्याचं डोकं आपल्या लासुर्ण्याच्या रानात आणि शेपूट खाली शेळगावच्या बाजूला. पाळीचा नियम असा, की पाणी आधी शेपटाला द्यायचं आणि मग एकेक रान भिजवत वर यायचं. नियम कागदावर चांगला. उन्हाळ्यात पाणी खाली निघालं, की वरचे लोक आपापलं दार हळूच उघडणार. दार म्हणजे काय, तर चारीतून रानात पाणी शिरायची वाट, दगड लावून चिखलानं बुजवलेली. ती एक वीतभर उघडली तरी पुरे. शेपटाला पोचेपर्यंत चारीत नुसती ओल उरायची. एका उन्हाळ्यात आबांनी स्वतःचा ऊस वाळत असताना आपलं दार बंद ठेवलं. त्यांचं बघून पुढच्या चौघांनी ठेवलं. कैक वर्षांनी शेपटाला भर उन्हाळ्यात पाणी पोचलं. शेळगावची माणसं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून आली आणि त्यांनी नारळ, टॉवेल, टोपी देऊन आबांचा सत्कार केला.

तुम्ही तेव्हा पुण्यात एम.ए.ला होतात, सुट्टीला आला होतात. ओसरीत खांबाला टेकून तुम्ही तो सत्कार बघत होतात. सगळे गेल्यावर तुम्ही विचारलंत, "आबा, तुमी डोक्यावर बसलाय. तुमच्यावर कुणाची बळजबरी न्हाय. मग दिलं कशापायी?" आबा म्हणाले, "पाळी त्यांची हुती." एवढंच म्हणाले आणि टोपी नीट करत गोठ्याकडे गेले. तुम्ही ते वहीत लिहून घेतलंत. पुढचं सगळं आयुष्य त्या एका प्रश्नात गेलं. वरच्यानं खालच्याला आपण होऊन कधी दिलं, का दिलं?

सोपं नव्हतं ते. तुमच्या विषयातल्या बड्या लोकांचं म्हणणं, बलाढ्य देश धाक किंवा फायदा असल्याशिवाय काही सोडत नसतो. तुम्ही म्हणालात, सोडतो, मी बघितलंय. दिल्लीतल्या तुमच्या पहिल्या निबंधाला एकानं भर सभेत विचारलं, "बाई, हे संशोधन आहे की वडिलांचं कौतुक?" ते तुम्ही मला पत्रानं कळवलं होतंत. खाली लिहिलं होतंत, "आज रडले. उद्यापासून दप्तरखाने." आणि खरंच, त्यानंतर तुम्ही कुठल्या कुठल्या देशांच्या दप्तरखान्यात जाऊन बसलात, जुने करार काढलेत, बैठकांची टिपणं उपसलीत, परक्या भाषा शिकलात. प्रत्येक ठिकाणाहून माझ्यासाठी हॉटेलातला साबण आणलात. माझ्या पेटीत अजून ते बोटभर साबण आहेत, वापरावेसे वाटले नाहीत. तुमचं पुस्तक आलं आणि ज्यानं कौतुक म्हणून हिणवलं होतं, त्यानंच ते आपल्या वर्गाला लावलं. दोन शेजारी देशांच्या पाण्याच्या बोलण्यांत सल्लागार म्हणून तुम्हाला बोलावलं, त्या बातमीत तुम्ही मागच्या रांगेत दिसलात. लासुर्ण्याच्या बाजारात मेथीवाली मला म्हणाली, "तुमच्या वन्सं टीवीत दिसल्या. साडी मातूर साधीच हुती." मी म्हटलं, "साडी न्हाय बघायची गं, मागं बसून कानात कुणाच्या बोलत हुत्या ते बघायचं." त्या दिवशी मी मेथीची जुडी घासाघीस न करता घेतली.

आपल्या डाळिंबाच्या शेडमध्ये तुम्ही घेतलेले तास तर मी विसरायचीच नाही. आम्ही सातआठ जणी बसून मोठी फळं एकीकडे, डागी एकीकडे करत असायचो, आणि तुम्ही मधोमध क्रेटवर बसून सांगायचात. हा क्रेट वरचा देश, हा खालचा, ही माझी ओढणी म्हणजे नदी. एकदा कमलाक्कानं हातातलं फळ तसंच धरून विचारलं, "आन मधल्याचं काय वो ताई? मधला वरच्याच्या नावानं बोंबलतो आन खालच्याचं चोरतो. माझी जाव हाय तशी." आम्ही सगळ्या हसलो. तुम्ही हसला नाहीत. पिशवीतून वही काढलीत. मधल्या देशाच्या दुहेरी वागण्यावर तुम्ही पुढं जे प्रकरण लिहिलंत, त्यावर म्हणे परदेशात चर्चासत्र झालं. आणि त्या प्रकरणाच्या पहिल्याच तळटिपेत कमलाक्काचं नाव आहे, गावासकट, कामासकट. तुम्ही ते पान तिला दाखवलंत. तिला वाचता येत नाही, तिनं त्यावरून बोट फिरवलं. हे मी डोळ्यांनी बघितलं होतं. त्यावरून मला कळायला हवं होतं, तुमची जात काय आहे ते. विद्वानाची जात म्हणते मी.

पण आपलं भांडण मात्र मिटलं नाही. तुम्ही आबांची गोष्ट वाचून दाखवलीत, की मी म्हणायची, "वन्सं, कुणी आपणहून देत न्हाय. वरच्याच्या घरातलंच कुणीतरी दार लावतं, मग घरधन्याला ते लावल्यालं ठेवावं लागतं."

"पुरावा?" तुम्ही विचारायचात.

"पुरावा कशाला, मला वाटतं."

"वाटतं त्याला माझ्या धंद्यात कुणी इचारत न्हाय, शालन. एक उदाहरण दे. एकच."

मी फोनवर असले तर गॅस मोठा करायची, समोर असले तर फळं भराभरा टाकायला लागायची. तुम्ही हसून विषय सोडायचात. किती वेळा झालं असेल हे? वीस, पंचवीस? आपल्या नणंद-भावजयीच्या नात्यात कधी दुसऱ्या कशावरून वाकडं आलं नाही. या एकाच गोष्टीवर तुम्ही जिंकत राहिलात आणि मी हरत राहिले, आणि हरताना मला माहीत होतं की मी बरोबर आहे.

आता ऐका.

मी शेळगावची. शेपटाची पोरगी. उन्हाळ्यात चारीच्या तळाला हात लावून ओल बघणाऱ्या बापाची लेक. लग्न होऊन लासुर्ण्याला आले, तो माझा पहिलाच उन्हाळा. भाकरी घेऊन रानात गेले होते, ऊन टळटळीत. बघते तर पाळी खालची, आणि आपलं दार उघडं. पाणी खळखळ उसात शिरत होतं. इतकं पाणी एकाच रानात जाताना मी जन्मात बघितलं नव्हतं. मला त्या उसाचा राग आला, खरं सांगते. टोपली बांधावर ठेवली, पदर खोचला आणि चारीत उतरले. दगड उचलून लावला, पोतं कोंबलं, वर चिखल थापला. लग्नाला दोन महिने झालेली सून मी. सासऱ्याचं दार लावत होते.

मान वर केली तर आबा बांधावर उभे.

"कुणी लावलं?"

"मी."

"का गं?"

"पाळी खालच्यांची हाय, आबा."

वाटलं, आता माहेरी पोचवतात. आबांनी चपला काढल्या, धोतर वर घेतलं आणि चारीत उतरले. माझा दगड त्यांनी हलवून बघितला.

"उलटा बसलाय," म्हणाले. "चपटी बाजू म्होरं घे. असा झिरपत ऱ्हायला, तर तुझ्या बापापातूर काय पोचणार?"

आणि त्यांनी स्वतःच्या हातानं तो दगड फिरवून नीट बसवला. भाकरी खाऊन उठताना म्हणाले, "घरात बोलू नगंस." मी मान हलवली.

मग ती ट्रॉली आली, नारळ आला, टोपी आली. आबांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि टोपी घालून घेतली. वन्सं, एकदा नारळ हातात घेतल्यावर आपल्याकडं माणूस मागं फिरतो का? पुढच्या उन्हाळ्यात आबांनी स्वतः जाऊन दार लावलं. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातही. मरेपर्यंत लावलं, आणि शेजारच्याचं उघडं दिसलं तर त्याच्याशी भांडले. तुम्ही पुण्याला परत गेलात त्या दिवशी त्यांनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, "विजीला तर कधीच सांगू नगंस. तिला बाप मोठा वाटाय लागलाय. वाटू दे." मी शब्द दिला, आणि पाळला. तुम्ही "पुरावा?" म्हणायचात तेव्हा मी तो पाळत होते.

आबा गेले तेव्हा सांगता आलं असतं. पण तोवर तुमच्या पुस्तकाच्या पहिल्याच पानावर आबा होते. मी विचार केला, ज्या दगडावर यांनी एवढं घर बांधलंय तो मी कशाला हलवू? सांगितलं आणि त्या दिल्लीवाल्यांना परत हसायला मिळालं तर? म्हणून गप्प बसले. शोकसभेत तुमच्या शिष्यानं विचारलं, "काकू, तुम्ही होतात ना तेव्हा? असंच झालं होतं ना?" आणि मी मान डोलावली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या वाजवत नाहीत, पण वाजवल्या.

चार दिवसांपूर्वी तुमची मेधा आली. तुमची शेवटची विद्यार्थिनी, ती चष्मेवाली, जिला आपला रस्सा तिखट लागतो. तुमचं अर्धवट राहिलेलं पुस्तक घेऊन आली होती. आयुष्यभर इंग्रजीत लिहून हे शेवटचं तुम्ही मराठीत लिहायला घेतलं होतंत, तेही मला सांगितलं नव्हतंत. ती म्हणाली, "काकू, बाकी सगळं झालंय. शेवटच्या प्रकरणात एक जागा आहे, तेवढी तुम्हालाच विचारायची." प्रकरणाचं नाव 'वरच्या घरातली माणसं'. आबांचा उन्हाळा येतो, ऊस वाळतोय, पाळी खालची आहे, दार उघडं आहे असं तुम्ही स्वच्छ लिहिलंय. दार उघडं आहे! हे तर तुम्ही आजवर कधीच लिहिलं नव्हतंत. मग अर्धं पान कोरं. आणि समासात पेन्सिलीनं, तुमच्या त्या कोंबडीच्या अक्षरात, "हे शालनकडून घ्यायचं. तिला माहीत आहे. ती बोलेल तेव्हा लिहू. घाई करायची नाही."

मी तिथंच खाली बसले. मेधा घाबरली, पाणी आणायला धावली.

कधी कळलं तुम्हाला? आबांनी जाताना सांगितलं, की माझ्या गॅस मोठा करण्यावरून तुम्ही ओळखलंत? आता कुणाला विचारू? आणि कळलं होतं तर पंचवीस वेळा पुरावा मागत राहिलात, एकदाही "मला ठाऊक हाय गं" म्हणाला नाहीत. माझा शब्द मोडू दिला नाहीत. माझी वाट बघत बसलात, आणि मी तुम्हाला जपत बसले. रविवारामागून रविवार आपण दोघी एकमेकींना हे न सांगता डाळिंबाच्या भावावर बोललो. याचं फार वाईट वाटतं, वन्सं. रात्री वाटतं, दिवसा वाटतं, आत्ता लिहितानाही वाटतंय.

चूक माझी झाली. मी तुम्हाला आबांची लेक धरून चालले. आपला बाप मोठा होता की नाही यापेक्षा खरं काय घडलं हे जिला जास्त हवं होतं, ती बाई मला दिसली नाही. मी सांगितलं असतं तर तुम्ही आधी माझ्याशी कडाकडा भांडला असतात, फोन आपटला असतात, आणि पुढच्या रविवारी नऊ वाजता सगळं पुस्तक पहिल्यापासून पुन्हा लिहायला घेतलं असतंत. हसणाऱ्यांना तुम्ही कधी घाबरलाच नव्हतात. घाबरत होते ती मी.

मेधानं पाणी आणल्यावर मी तिला वही काढायला सांगितली. सगळं सांगितलं, टोपली, पोतं, चिखल, उलटा दगड. आबांचंही सांगितलं. त्यांनी दार लावलं नाही हे खरं, पण लावलेलं उघडलं नाही, वर दगड फिरवून दिला. याला तुमच्या शास्त्रात काय म्हणतात ते मला ठाऊक नाही, ते मेधानं शोधावं. माझ्या हिशेबी तेवढ्यावर माणूस मोठा होतो. तुम्ही त्यांना जेवढे मोठे समजत होतात तेवढेच ते निघाले, फक्त दुसऱ्या कारणानं.

लिहून झाल्यावर मेधानं विचारलं, "काकू, तळटिपेत टाकू का हे? तुमचं नाव घातलं तर चालेल? की गावातली एक सून असं म्हणू?"

मी म्हटलं, "पोरी, नाव टाक. शेळगावची शालन. आन खाली तळाला नगं टाकू. बाईंनी मधी जागा सोडलीया, तितं टाक."